सलाईनच्या बाटलीतला तुकडा: जठराच्या कॅन्सरचं एक प्रकरण

आजी ६६ वर्षांच्या. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या बाजूला त्यांची पाच एकर कोरडवाहू शेती. कापूस आणि मधे तूर. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्याकडे सहसा माणसं येत नाहीत, त्यांच्या शरीराचे तुकडे येतात. मी ते काचेवर पाहते आणि रिपोर्ट लिहिते. या प्रकरणात आजींचा मुलगा माझ्या टेबलापर्यंत आला. तो आला नसता तर एका लाल शिक्क्यावर सगळं घर निर्णय घेऊन मोकळं झालं असतं, आणि त्यात माझी काय चूक झाली हेही मला कळलं नसतं.

आषाढापासून आजींना अर्धी भाकर खाल्ली की पोट गच्च वाटायचं. करपट ढेकर, सकाळी मळमळ. गावात याला पित्त म्हणतात आणि पित्तावर गोळी मिळते. ती गोळी पाच महिने चालली. आम्ल कमी करणाऱ्या गोळीने कॅन्सरच्या व्रणालाही काही काळ आराम पडतो, म्हणून गोळीने बरं वाटलं याचा अर्थ धोका टळला असा होत नाही. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली आणि एका दुपारी आजी पऱ्हाटीच्या ओळीतच बसल्या, उठेनात. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. शौचाला काळं होत होतं, पण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सुनेने विचारलं तेव्हा सांगितलं.

आमच्या भागात कॅन्सर म्हटलं की तोंडाचा. तंबाखू-सुपारीचा खर्रा आठवी-नववीतल्या पोरांच्या खिशात असतो, त्यामुळे जबड्याचे आणि गालाचे तुकडे माझ्याकडे रोज येतात. जठराचे त्या मानाने कमी. देशात हा आजार सर्वांत जास्त मिझोराममध्ये दिसतो, विदर्भात तसा नाही. म्हणून इकडे कुणाच्या मनात तो चटकन येत नाही, आणि येतो तेव्हा गाठ बहुतेक वेळा भिंतीत खोल गेलेली असते.

पहिली दुर्बीण एका खाजगी सेंटरमध्ये झाली. जठराच्या खालच्या भागात, आतड्याकडे जाणाऱ्या तोंडाजवळ मोठा व्रण होता. तीन तुकडे काढले. ते फॉर्मॅलिनऐवजी सलाईनच्या बाटलीत टाकले गेले. मुद्दाम नव्हे, बाटली संपली असेल, हाताशी सलाईन असेल. तुकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे पोचले.

तुकडा शरीरातून निघाला की रक्तपुरवठा तुटतो आणि पेशीतली विकरं पेशीलाच पचवू लागतात. फॉर्मॅलिन ही पचनक्रिया थांबवतं, प्रथिनांना जागच्या जागी बांधून ठेवतं. सलाईन काहीच थांबवत नाही. मी ते तुकडे पाहिले तेव्हा पेशींच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या. तरी ग्रंथींचा बिघडलेला आकार ओळखता येत होता आणि निदान पक्कं होतं: ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर. मी तसा रिपोर्ट दिला. ‘तुकडे लहान आहेत’ एवढं लिहिलं. ‘हे ऊतक पुढच्या कोणत्याही चाचणीला योग्य नाही’ हे वाक्य लिहिलं नाही. माझी चूक ती.

आठवड्याने मुलगा ब्लॉक मागायला आला. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला तुकडा म्हणजे ब्लॉक. तो रुग्णाचा असतो, मागितला की द्यावाच लागतो. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की मोठ्या शहरात एक तपासणी होते, तिच्यातून कॅन्सर किती जोरात आहे ते आधीच कळतं. ब्लॉक कुरियरने गेला. ४८,००० रुपये घरातून गेले, म्हणजे त्या हंगामाच्या भावाने साधारण सात क्विंटल कापूस. रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस घरच्यांनी पुढचा कोणताच उपचार सुरू केला नाही, कारण आधी ‘ते कळू द्या’.

मग तो परत आला. कापडी पिशवीतून त्याने रंगीत छपाईची फाइल काढली. पहिल्याच पानावर हिरवा, पिवळा, लाल असा पट्टा आणि लाल भागात बाण. खाली ‘उच्च जोखीम’.

“मॅडम, हे हाय रिस्क म्हणजे आता किती दिवस जी?”

काय उत्तर द्यावं ते मला त्या क्षणी सुचलं नाही. तो पुढे म्हणाला, “काका म्हणते, बरी होनारच नाई तं बुढीले कायले कापता? वावर इकून पैसा लावाव का नाई, तेवढं सांगा.”

नक्कल कशाची मोजतात

त्या मुलाला मी जसं समजावलं तसंच इथे लिहिते, कारण त्याला ते समजलं. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचं पूर्ण दप्तर असतं, तलाठ्याच्या दप्तरात गावातल्या सगळ्या गटांचे सातबारे असावेत तसं. पण दप्तर आहे म्हणून काम होत नाही. ज्याला कर्ज काढायचंय तो आपल्या गटाची नक्कल काढतो, ज्याचा बांधाचा वाद आहे तो आपली. कुठल्या गटाच्या किती नकला निघाल्या हे मोजलं तर गावात या महिन्यात काय चाललंय ते बऱ्यापैकी कळतं. पेशीतल्या या नकला म्हणजे आरएनए. कोणत्या जीनच्या किती नकला निघतात, याला जीन अभिव्यक्ती म्हणतात. गाठीत विभाजनाच्या जीन्सच्या नकला भरमसाठ निघत असतील तर गाठ वेगाने वाढते आहे. आसपासच्या तंतुमय ऊतकाच्या जीन्स जास्त बोलत असतील तर गाठ पसरण्याच्या बेतात असू शकते. मारक टी-पेशींच्या जीन्सच्या नकला जास्त असतील तर शरीर लढतं आहे.

कल्पना भक्कम आहे आणि तिने जठराच्या कॅन्सरची समज खरोखर बदलली. १९६५ पासून आम्ही लॉरेन वर्गीकरण वापरत होतो: आतड्यासारख्या ग्रंथी करणारा प्रकार आणि सुट्या पेशींनी पसरणारा प्रकार. २०१४ साली अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलासने २९५ गाठी तपासून चार गट पाडले: ईबीव्ही विषाणूशी जोडलेला, एमएसआय म्हणजे डीएनएची प्रत काढताना झालेल्या चुका न सुधारणारा, गुणसूत्रं अस्थिर असलेला, आणि जनुकीयदृष्ट्या स्थिर. पुढच्याच वर्षी आशियाई कॅन्सर संशोधन गटाने ३०० गाठींच्या अभिव्यक्तीवरून पुन्हा चार गट मांडले आणि त्यांना रुग्णांच्या पुढच्या आयुष्याशी जोडलं. एमएसआय गटाचे रुग्ण सर्वांत चांगले राहिले. ज्या गटाच्या पेशी आपलं बांधीव रूप सोडून भटक्या होतात, त्या गटाचे सर्वांत वाईट. त्यांच्यात कॅन्सर पोटाच्या आतल्या आवरणावर परत उगवायचा.

इथपर्यंत विज्ञान आहे. अडचण पुढे येते. अशा गाठींची माहिती संगणकावर सर्वांना खुली आहे. त्यातून दहा-वीस जीन्स निवडायच्या, एक सूत्र बांधायचं, रुग्णांचे दोन गट करायचे आणि दोन्ही रेषा वेगळ्या जातात हे दाखवायचं. जठराच्या कॅन्सरसाठी असे संच ढिगाने प्रसिद्ध झाले आहेत, आणि एकातल्या जीन्स दुसऱ्यात सहसा सापडत नाहीत. अनेकांत गटाची सीमा मधल्या गुणावर आखलेली असते, म्हणजे अर्धे रुग्ण आपोआप ‘उच्च जोखीम’ ठरतात. ‘उच्च’ म्हणजे फक्त त्या अभ्यासातल्या अर्ध्या लोकांपेक्षा वर. आजींच्या आयुष्याबद्दल त्या शब्दात दुसरं काही नाही.

२०११ साली ब्रसेल्सच्या संशोधकांनी स्तनाच्या कॅन्सरवर एक तपास केला. चिठ्ठ्या काढाव्या तशा जीन्स निवडून त्यांचे संच केले आणि रुग्णांच्या भवितव्याशी ताडून पाहिले. मोठ्या संचांपैकी बहुतेकांचं नातं जुळलं. जेवणानंतर हसल्यावर रक्तात बदलणाऱ्या जीन्सचा संचसुद्धा जुळला. कारण गाठीत पेशी किती वेगाने वाढताहेत याची सावली शेकडो जीन्सवर पडते. कोणतीही मूठभर उचला, तीच सावली हाती येते.

म्हणून अशा चाचण्या निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. स्तनाच्या कॅन्सरची २१ जीन्सची चाचणी दहा हजारांहून जास्त स्त्रियांवर पुढे पाहत तपासली गेली आणि २०१८ मध्ये सिद्ध झालं की मधल्या गुणाच्या बहुतेक स्त्रियांना केमो टाळता येते. जठरातही कोरियात काम झालं आहे. क्लासिक नावाच्या उपचार-चाचणीतल्या ६२५ रुग्णांच्या साठवलेल्या ब्लॉकवर चारच जीन्स मोजल्या: जीझेडएमबी आणि डब्ल्यूएआरएस या रोगप्रतिकाराच्या, सीडीएक्स१ आतड्यासारख्या पेशींची, एसएफआरपी४ आधार-ऊतकाची. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पाच वर्षांनी जिवंत असलेले रुग्ण कमी जोखमीच्या गटात ८३ टक्के, मधल्या गटात ७५, उच्च गटात ६६.

हा शेवटचा आकडा मी त्या मुलाला दोनदा सांगितला. ऑपरेशन झालेल्या उच्च जोखमीच्या शंभरांतले सहासष्ट पाच वर्षांनी जगत होते. त्याच्या घरात मात्र ‘हाय रिस्क’चा अर्थ ‘आता काही उरलं नाही’ असा लागला होता.

त्याच अभ्यासात दुसरंही काही होतं, माझ्या मते जास्त कामाचं. ज्यांच्या गाठीत रोगप्रतिकाराच्या जीन्स जोरात होत्या, त्यांना ऑपरेशननंतरच्या केमोचा फायदा दिसला नाही. हा फरक नीट पाहायला हवा. एक खूण सांगते रुग्णाचं पुढे काय होईल. दुसरी सांगते कोणत्या औषधाचा उपयोग होईल. पहिली कळली तरी करायचं काय ते कळत नाही. लाल पट्ट्यावरचा बाण पहिल्या जातीचा होता, आणि वावर विकायचं की नाही हा प्रश्न दुसऱ्या जातीचा.

दुसरं पान

फाइलचं दुसरं पान कुणी वाचलं नव्हतं. बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. नमुन्यातल्या आरएनएची प्रत काठावरची. गाठीच्या पेशींचं प्रमाण कमी. निष्कर्ष सावधपणे घ्यावा. म्हणजे प्रयोगशाळेने सांगायचं ते सांगितलं होतं, पण पहिल्या पानावर बाण रंगीत होता आणि ही ओळ करडी.

डीएनए टिकाऊ असतो. आरएनए पातळ कागदावरच्या नकलेसारखा, ओल लागली की गळतो. ज्या तुकड्याने दीड दिवस सलाईनमध्ये काढला त्यातल्या नकला फाटलेल्याच असणार. आणि तुकड्यात गाठीपेक्षा व्रणाचा तळ, सूज, आधार-ऊतक जास्त असेल तर मोजल्या गेलेल्या नकलाही बऱ्याचशा त्यांच्याच. तो गुण चुकीचा होता असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. तो कशाचा होता हे मात्र कुणालाच सांगता आलं नसतं.

मी मुलाला एकच विनंती केली: पुन्हा दुर्बीण करा, आणि या वेळी तुकडे मी सांगते तसे घ्या. आजींना आधी दोन बाटल्या रक्त दिलं गेलं. मग व्रणाच्या कडेचे वेगवेगळ्या जागांचे आठ तुकडे, दहा टक्के फॉर्मॅलिनच्या भरल्या बाटलीत. जठराच्या गाठीत एका कोपऱ्यात जे असतं ते दुसऱ्यात असेलच असं नाही, म्हणून सहा ते आठ तुकडे लागतात. तुकडे रात्रभर फॉर्मॅलिनमध्ये ठेवले.

त्यावर तीन साध्या गोष्टी केल्या. हर-२ प्रथिनाचा रंग (ते जास्त असेल तर त्यावर वेगळं औषध चालतं), ईबीव्हीची तपासणी, आणि डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांचे रंग: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. लोक याला जीन चाचणी म्हणत नाहीत, पण जीन बोलते आहे की गप्प आहे हे पाहायचा हा जुना आणि स्वस्त मार्ग आहे. नकला मोजण्याऐवजी नकलेवरून तयार झालेलं प्रथिन डोळ्यांनी पाहायचं. सगळ्याचा खर्च त्या ४८,००० च्या आसपासही गेला नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास एमएलएच१ची काच हातात आली. चार मायक्रॉन जाडीचा काप, वर तपकिरी रंग. प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी, नसेल तर निळं. गाठीच्या ग्रंथी एकामागून एक निळ्या दिसत गेल्या. लगेच आनंद करायचा नसतो. आधी शेजारी पाहायचं: त्याच काचेवरच्या लिम्फोसाइट (प्रतिकाराच्या पांढऱ्या पेशी), आधार-ऊतकाच्या पेशी. त्या निरोगी आहेत, त्यांचं केंद्रक तपकिरी यायलाच हवं. त्याही निळ्या असतील तर प्रथिन हरवलेलं नसून रंगच चढलेला नाही. मी भिंग चाळीसवर नेलं. निळ्या ग्रंथींच्या मधोमध लिम्फोसाइट दाटीने बसल्या होत्या, प्रत्येकीचं केंद्रक गडद तपकिरी. पीएमएस२ही तसंच. एमएसएच२ आणि एमएसएच६ दोन्ही शाबूत. हर-२ शून्य, ईबीव्ही नाही.

शहराहून परत आलेल्या जुन्या ब्लॉकचाही एक काप मी मुद्दाम रंगवला. त्यात गाठ निळी आणि लिम्फोसाइटही निळ्या. साक्षीदारच मुके. तो ब्लॉक माझ्या पहिल्या रिपोर्टसोबत बाहेर गेला होता.

एमएलएच१ नाही म्हणजे एमएसआय. वयस्कर बाई, जठराचा खालचा भाग, ग्रंथी करणारा प्रकार, गाठीत लिम्फोसाइटची गर्दी: सगळं चित्र जुळत होतं. या गाठींत चुका साचत जातात, विचित्र प्रथिनं तयार होतात, आणि शरीराच्या सैनिकांना ती परकी वाटतात. पेशी वेगाने वाढतात हे खरं, त्यामुळे वाढीवर बेतलेल्या एखाद्या सूत्रात त्या वर चढू शकतात. पण वेगाने वाढणारी आणि तरीही शरीर जिच्याशी झुंज देतं आहे, अशी गाठ वेगळी वागते.

ट्यूमर बोर्डात

ट्यूमर बोर्ड म्हणजे वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर एकत्र बसून उपचार ठरवतात ती बैठक. सीटी स्कॅनवर गाठ भिंतीच्या बाहेरच्या थरापर्यंत, एक-दोन लसिका ग्रंथी फुगलेल्या, यकृत स्वच्छ. अशा टप्प्याला आजचा रूढ मार्ग म्हणजे आधी फ्लॉट ही चार औषधांची केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. २०१९ च्या जर्मन चाचणीत ७१६ रुग्णांमध्ये फ्लॉटने मध्यम आयुर्मान ३५ महिन्यांवरून ५० वर नेलं. केमोच्या डॉक्टरांनी हा आकडा मांडला आणि तो हलका नव्हता. त्यांची भीती रास्त होती: ऑपरेशननंतर आजी केमो सोसण्याच्या स्थितीतच राहिल्या नाहीत तर?

सर्जन म्हणाले, वजन ३८ किलो, गाठ वाहते आहे, जठराचं तोंड अरुंद झालंय. फ्लॉटची चार सत्रं होईपर्यंत ही बाई टिकायला हवी.

मग मी एमएसआयचा मुद्दा मांडला. २०१९ मध्येच चार मोठ्या चाचण्यांतल्या १,५५६ रुग्णांची माहिती एकत्र पाहिली गेली. त्यातले १२१ एमएसआय होते. पाच वर्षांनी एमएसआयवाले ७७.५ टक्के जिवंत, बाकीचे ५९.३ टक्के. आणि एमएसआयवाल्यांत केमो मिळालेल्यांपेक्षा नुसतं ऑपरेशन झालेले मागे पडले नव्हते: ७५ टक्के विरुद्ध ८३. केमोच्या डॉक्टरांनी इथे हरकत घेतली. १२१ ही संख्या लहान आहे, हिशेब मागाहून मांडलेला आहे, आणि त्या चाचण्यांत फ्लॉट नव्हतं; फ्लॉट दिल्यावर काही एमएसआय गाठी पूर्ण विरघळलेल्याही पाहिल्या आहेत. तिघेही बरोबर होते. असे प्रश्न पुस्तकात सुटलेले नसतात.

इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधाचं, नावही निघालं. एमएसआय गाठींवर ती फार प्रभावी ठरते. फ्रान्समधल्या एका लहान अभ्यासात ऑपरेशनपूर्वी दिल्यावर निम्म्याहून जास्त रुग्णांच्या काढलेल्या जठरात कॅन्सर उरलाच नव्हता. पण खर्चाचा आकडा ऐकल्यावर मुलाने मान खाली घातली आणि कुणी पुढे बोललं नाही. हे लिहिताना मला अजून त्रास होतो. ज्या काचेने आजींना चांगल्या गटात टाकलं, तीच काच त्यांना परवडणार नाही अशा औषधाकडेही बोट दाखवत होती.

शेवटी आजींना विचारलं. त्या खाटेवर पाय दुमडून बसल्या होत्या. म्हणाल्या, “मले भाकर खाता आली पाह्यजे. बाकी तुमाले काय करायचं ते करा.”

आधी ऑपरेशन करायचं ठरलं.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन झालं. जठराचा खालचा भाग आणि भोवतीच्या लसिका ग्रंथींची पूर्ण सफाई. जठर माझ्याकडे आलं तेव्हा मोठ्या वक्राकडून उघडून थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून लावलेलं होतं, अर्ध्या तासात फॉर्मॅलिनमध्ये. व्रण चार सेंटिमीटर, कडा उंच, तळ मळकट. चरबीत बोटांनी चाचपून ग्रंथी शोधायला मला आणि तंत्रज्ञाला जवळजवळ दोन तास लागले. २४ सापडल्या. किमान १६ लागतात. कमी शोधल्या तर टप्पा खोटा लहान दिसतो. दोन ग्रंथींत कॅन्सर. कापलेल्या कडा स्वच्छ. गाठ बाहेरच्या आवरणाच्या आत थांबलेली. टप्पा २-बी. एमएलएच१ पुन्हा रंगवलं, पुन्हा निळं.

एक प्रश्न उरला होता आणि तो आजींचा नसून घराचा होता. एमएलएच१ जन्मतःच बिघडलेलं असेल तर तो लिंच सिंड्रोम. मग मुलाला, दोन्ही नातींना मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका. मी मुलाला विचारलं घरात कुणाला असं काही होतं का. मावशी गेली होती, “पोटात गाठ होती म्हनत”. कोणती गाठ, कुणालाच माहीत नाही. इकडे बाईमाणसाच्या आजाराची नोंद इतकीच राहते.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये बीआरएएफ जीनमधला ठरावीक बदल सापडला तर आनुवंशिक शक्यता जवळजवळ मिटते. जठरात तो बदल क्वचितच असतो, तिथे ती वाट चालत नाही. म्हणून जीनच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलचे शिक्के बसलेत का ते तपासायला पाठवलं. बसले होते. म्हणजे दप्तरातलं पान फाटलेलं नव्हतं, त्याला सील लागलं होतं. सातबारा आहे, नक्कल निघत नाही. वयाबरोबर गाठीत होणारा हा बदल बहुधा वारशाने जात नाही. नातींचं नाव यादीतून काढता आलं. या साऱ्या प्रकरणात मुलाच्या चेहऱ्यावर हसू मी तेव्हाच पाहिलं.

ऑपरेशननंतर केमो दिली नाही. केमोच्या डॉक्टरांची त्यालाही संमती होती, थोड्या नाराजीने. मुलाला मी आकडे बायांमध्ये सांगितले: तुमच्या आईसारख्या शंभर बाया एका रांगेत उभ्या केल्या, तर पाच वर्षांनी पाऊणशेच्या आसपास असतील. तुमची आई त्यातली कोणती, ते मला काचेवरून दिसत नाही, आणि त्या लाल बाणालाही दिसत नव्हतं. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, “मंग तो हाय रिस्क कुठी गेला जी?”

कुठे गेला नाही, असं मी सांगितलं. दोन ग्रंथींत कॅन्सर सापडला आहे, परत येण्याचा धोका खरा आहे, आणि परतला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. फक्त तो धोका किती हे आपण आता ग्रंथी मोजून, टप्पा पाहून आणि नीट टिकवलेल्या तुकड्यावरून सांगतो आहोत.

ऑपरेशनला चौदा महिने झालेत. वजन ४३ किलो. आजी दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खातात, जेवल्यावर लगेच गोड खाल्लं तर घाम येतो म्हणून ते टाळतात. लोह आणि बी-१२ वर लक्ष आहे. वर्षाचा सीटी आणि दुर्बीण दोन्ही स्वच्छ. वावर आहे तसंच आहे. चौदा महिन्यांवरून काही सिद्ध होत नाही, आणि एका रुग्णावरून तर नाहीच. आजी आजही वाईट बातमी घेऊन येऊ शकतात हे मला ठाऊक आहे. पण घरात बसून वाट पाहायचं ठरत आलं होतं, ते टळलं.

माझ्या रिपोर्टच्या शेवटी आता तीन ओळी असतात. तुकडा कोणत्या द्रावणात आला आणि किती तासांनी. गाठीच्या पेशींचं अंदाजे प्रमाण. पुढच्या चाचण्यांसाठी योग्य की अयोग्य. अयोग्य असेल तर ते ठळक अक्षरात, पहिल्याच पानावर, निदानाच्या लगेच खाली. ब्लॉक मागायला कुणी आलं तर ही ओळ मी स्वतः वाचून दाखवते. भोवतालच्या दुर्बीण सेंटरना आम्ही आधीच फॉर्मॅलिन भरलेल्या लहान बाटल्या पाठवतो, झाकणावर तारीख आणि वेळ लिहायला जागा असलेल्या.

गेल्या आठवड्यात त्याच पहिल्या सेंटरमधून एक जठराची बायप्सी आली. सहा तुकडे, फॉर्मॅलिनमध्ये बुडालेले. झाकणावर निळ्या पेनने लिहिलं होतं: सकाळी ११.२०.